मामा, तो फोटो मी एकास एक उघडला

मामा,

आपलं भांडण मिटायचं राहिलं.

लोक भेटायला येतात. फोटोच्या दुकानात बसून चहा घेतात, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलतात. मी मान हलवते. पण आतून मी अजून तुमच्याशी वादच घालत असते, आणि तोही कशावरून, तर कंप्यूटरवर फोटो कशात उघडून बघायचा यावरून. बाहेरच्याला सांगितलं तर हसेल. मामींना हसू येत नाही. मलाही नाही. त्या वादाच्या टोकाला मंगलताई उभी होती, तिची आई उभी होती, आणि तुम्ही निकाल न देताच उठून गेलात. अर्धवट काम टाकून जायची तुमची रीत नव्हती. गिऱ्हाईक दारात असलं की तुम्ही जेवणाचं ताट झाकून उठायचात.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही निगेटिव्हचे डबे माळ्यावरून उतरवलेत. "बुरशी लागायच्या आत कंप्यूटरात घाल सगळं," म्हणालात. उमरग्यात आता लग्नाचे फोटो नवरदेवाचे दोस्तच मोबाईलवर काढतात. तुमच्याकडं यायचा तो परीक्षेच्या फॉर्मचा फोटो. हाताला रिकामपण होतं. मी क्लासवर शिकवून आले की स्कॅनरपुढं बसायची. एकेक निगेटिव्ह फुंकर मारून पुसायची, काचेवर ठेवायची, आणि बाहेर हायवेवरून ट्रक गेला की आपण दोघंही श्वास धरायचो. टेबल हललं तर सगळं परत.

बारीकसारीक काही सुटू नये म्हणून मी स्कॅन मोठा ठेवला होता, त्यामुळं एकेक फाईल दांडगी झाली. दुकानातला कंप्यूटर जुना. त्याच्यासोबत आलेल्या प्रोग्रॅमात फोटो उघडला की आधी चकरी फिरायची, मग धुरकट माणूस दिसायचा, मग कधीतरी खरा.

"ज्योती, हे फोटो दाखवतंय का माणसाला एसटीची वाट बघाय लावतंय?"

म्हणून मी दुसरे प्रोग्रॅम शोधायला लागले. तुम्हाला वाटायचं, फोटो तो फोटो, कशातही उघडा. मग मी तुमचाच एक हळदीचा फोटो वेगवेगळ्या प्रोग्रॅमात उघडून दाखवला. एकात हळद लिंबासारखी, दुसऱ्यात गेरूसारखी. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात. "आयला, माझी हळद कुठं गेली?" तुम्ही तेव्हा कपाटातून त्या लग्नाची जुनी प्रिंट काढून आणलीत आणि पडद्याशेजारी धरून बसलात. ज्या प्रोग्रॅमात हळद हळदीसारखी दिसली, तो मला पसंत पडला.

तो दिसायला अगदी साधा होता. लगेच उघडायचा, जाहिरात दाखवायचा नाही, फोटोला स्वतःहून हात लावायचा नाही. आणि त्यात एक कळ दाबली की फोटो एकास एक व्हायचा. तुम्हाला मी समजावलं होतं, मोठा फोटो पडद्यावर मावावा म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम तो आक्रसून दाखवतो, आणि आक्रसताना बारीक गोष्टी गळून जातात. एकास एक केला की काही गळत नाही. पूर्ण माणूस पडद्यावर मावत नाही, पण जेवढा तुकडा दिसतो तेवढा खरा असतो.

तुम्हाला आवडला दुसराच. तो फोटो उघडतानाच चेहरे उजळवायचा, कातडी गुळगुळीत करायचा, डाग पुसायचा. "नोडव्वा, बघ की! माणूस कसा नटून बसला." मी त्याला पावडरवाला म्हणायची. तुम्ही माझ्याला कोर्टवाला म्हणायचात. "तुझ्या कोर्टवाल्याला प्रत्येक सुरकुतीचा पुरावा लागतोय."

आपल्या दोघांचं एकाच गोष्टीवर जमायचं. फोटोच्या मागं पडदा काळा पाहिजे, आणि त्यावर एकही बटण दिसता कामा नये. "गिऱ्हाईक तोंड बघाय येतंय, बटणं बघाय न्हाय."

हा वाद माझ्या पदवीच्या फोटोपासूनचा होता, खरं तर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बारावीला माकणीहून तुमच्याकडं राहायला आले, तेव्हा आख्ख्या ओळखीत कंप्यूटर असलेली जागा म्हणजे तुमचं दुकान, आणि तुम्ही गिऱ्हाईक नसताना ती खुर्ची मला दिलीत. पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही मला काळा झगा घालून स्टुलावर बसवलंत, फोटो काढलात आणि प्रिंट हातात दिलीत. त्यातली मुलगी माझ्यापेक्षा दोन पट गोरी होती. मी म्हणाले, "मामा, ही मी नाही."

"तूच हायस. उन्हातनं घरात आलेली."

मी तेव्हा हसले होते. आईनं तो फोटो देवळीशेजारी लावला. अजून आहे.

आता मंगलताईचं.

ती माझ्यापेक्षा मोठी, माकणीत आमच्या शेजारच्या आजीची लेकीकडची नात. जन्म सास्तूरचा. भूकंपात तिचे आई-वडील, चुलते, चुलत्या, सगळं घर गेलं आणि अंगावर पिणारी ही तेवढी राहिली. घराबरोबर फोटोही गेले. आजीनं माकणीला आणून वाढवली. दाखल्यावर आईचं नाव होतं, पण चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. मी तुमच्याकडं राहायला आले त्या वर्षी सुट्टीत तिला बोलता बोलता म्हणाले की माझे मामा पूर्वी सास्तूरच्या लग्नांचे फोटो काढायचे. दुसऱ्याच दिवशी ती आजीचा हात धरून दुकानात हजर झाली.

तुम्ही डबे उपसलेत. तिच्या धाकट्या चुलत्याच्या लग्नातला घरच्यांचा एक फोटो निघाला, तुमच्या मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यानं काढलेला, काळा-पांढरा. नवरा-नवरी, सासू-सासरे, आणि कडेला दोघी थोरल्या जावा. आहेरात दोघींना एकसारखी लुगडी, म्हणजे हेवा नको. दोघींचा पदर कपाळापर्यंत. बांधाही एकच. आजीची नजर तेव्हा गेलेली होती, ती नुसती कागदावरून बोटं फिरवत राहिली. सास्तूरच्या जुन्या माणसांना विचारलं तर एक जण या बाईकडं बोट दाखवायचा, दुसरा त्या बाईकडं.

पण एका जावेच्या कडेवर तान्हं होतं, आणि त्या घरात तान्हं एकच, मंगल. तुम्ही म्हणालात, "लेकरू जिच्या कडेवर, ती आई. ह्यात काय बघायचं?" मलाही तसंच वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. तुम्ही त्या बाईचा चेहरा कापून मोठा केलात, उजळलात, मागं आभाळ घातलंत आणि फ्रेम करून मंगलताईच्या हातात दिलीत. ती फ्रेम छातीशी धरून एसटीत उभ्यानं गेली, आठवतंय? जागा मिळाली तरी बसली नाही, काच फुटंल म्हणून.

फक्त एकदा तिनं विचारलं होतं. "अण्णा, आजी म्हणती आईच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके. हितं दिसंना ते."

"एवढं बारीक फोटोत येत न्हाय, बाई."

खोटं नव्हतात बोलत तुम्ही. तेव्हाच्या प्रिंटमध्ये येतच नव्हतं.

तीच निगेटिव्ह स्कॅन झाली त्या दुपारी मामी चहा घेऊन आल्या. फोटो तुमच्या पावडरवाल्यात उघडलेला होता, काळ्या पडद्यावर सगळं घर उजळ उभं. मामींनी कपबशी ठेवली, पडद्याकडं बघितलं आणि सहज म्हणाल्या, "लेकरू चुलतीकडं दिलंय की."

तुम्ही म्हणालात, "कशावरनं?"

"अहो, सासू-सासरं म्होरं बसल्यात. त्या काळात त्यांच्यादेखत आपलं लेकरू आपण कोण उचलत होतं? मी उचललं होतं व्हय तुमच्या आईसमोर? थोरली जाऊ घ्यायची, न्हाईतर नणंद. बाप्यांना काय कळतंय."

मामी परत गेल्या. त्यांना माहीतच नव्हतं की त्या काय बोलून गेल्या. तुमचा चहा तसाच राहिला, साय आली त्याच्यावर.

मी म्हणाले, "मामा, साध्यात उघडू. एकास एक करू. गोंदण असेल तर दिसेल."

"नको."

"एक कळ दाबायची आहे."

"ज्योती, नको म्हणलं ना."

त्यानंतर दुकानात आपण दोघं सरळ बोललो नाही. कामाचं बोलायचो. मी मुद्दाम बाकीचे सगळे फोटो साध्या प्रोग्रॅमात उघडायची आणि तुम्ही येऊन ते बंद करून पावडरवाल्यात उघडायचात. मधेच मंगलताई यायची, शेंगाची चटणी घेऊन यायची, सांगायची की लेकीच्या बारशाला आधी आईच्या फोटोला हळदीकुंकू लावलं, मग पाळण्याला हात लावला. तुम्ही मान खाली घालून कात्री चालवत राहायचात. कात्रीत कागद नसायचा कधीकधी.

एकदा ती गेल्यावर माझा तोल गेला. तुमचाही.

"इतकी वर्षं तिनं त्या बाईला आई म्हणून पुजलं," तुम्ही म्हणालात. "आता जाऊन सांगू, बाई, चुकलं, ती न्हवं? एकदा आई गेली तिची. परत घालवू व्हय म्या?"

"आणि तिची आई तिथंच शेजारी उभी असेल तर? हात मोकळे सोडून? तिला कोण बघणार?"

"मेलेल्या माणसाला कोण बघतंय का न्हाय, ह्यानं काय फरक पडतो?"

"मग फ्रेम कशाला करता तुम्ही लोकांच्या?"

तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि मला घरी जा म्हणालात. भर दुपारी.

मला तो फोटो तुमच्या माघारी उघडता आला असता. चावी माझ्याकडं होती. उघडला नाही. ज्या माणसानं मला त्या कंप्यूटरला हात लावायला शिकवलं, त्याच्या पाठीमागं त्याची चूक शोधत बसायची, हे मला जमेना. ह्याला लोक संस्कार म्हणतील. मला ती भीतीही वाटते. दिसलं असतं तर मी गप्प बसले असते का?

मग तुमच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत. फॉर्मचे फोटो कापत होतात, वर न बघता म्हणालात, "ते तुझं कोर्टवालं... एकास एक कसं करायचं म्हणालीस?"

मी कळ दाखवली. माउसनं फोटो कसा सरकवायचा ते दाखवलं. दुसऱ्या सकाळी मी आले तर तुम्ही खुर्चीत होतात आणि पडदा बंद होता.

"मंगलला बोलव. सोमवारी ये म्हणावं. मीच दाखवतो."

"काय दिसलं, मामा?"

"दिसलं ते दिसलं. तिच्यासमोर सांगतो. आधी तिचा हक्क."

रविवारी तुम्ही गेलात.

फोटो स्टुडिओवाल्याच्या घरात त्याचा स्वतःचा फोटो सापडेना, हे मामींनी सगळ्या भेटायला येणाऱ्यांना सांगितलं आणि प्रत्येक वेळी नव्यानं रडल्या. शिवगणाराधनेला, म्हणजे तुमच्या दिवसांच्या पूजेला, फ्रेम लागणार होती. शेवटी मी क्लासच्या समारंभात काढलेला तुमचा फोटो मिळाला. माझे हात चालत नव्हते, म्हणून तो गावातल्या दुसऱ्या एका दुकानात दिला.

आणि मी मामींना मंगलताईचं सांगितलं. सोमवार टळला होता, पण ती पूजेला येणार होती. मामींनी ऐकून घेतलं. मग डोळे पुसून एकदम कडक झाल्या.

"तो फोटो उघडायचा न्हाय. ते गेले. त्यांच्यासंगं ते बी गेलं. आता सगळ्या पावण्यांत ती पोरगी रडंल, आणि लोक काय म्हणतील? आयुष्यभर फोटो काढलं आन् आईच बदलून दिली?"

"मामा स्वतः दाखवणार होते."

"ते दाखवणार होते. तू कोण?"

 

पूजेच्या आदल्या दिवशी तुमची फ्रेम आली. मामींनी वर्तमानपत्र सोडलं आणि बघत राहिल्या. त्या दुकानदारानं मन लावून काम केलं होतं. तुम्ही गोरे झाला होतात. विभूतीच्या रेघा सरळ झाल्या होत्या. आणि नाकाशेजारची तुमची ती मोठी चामखीळ, जिच्यावरून मामी लग्नापासून तुम्हाला चिडवत आल्या, ती त्यानं पुसून टाकली होती.

मामींनी काचेवरून बोट फिरवलं, तसंच, जसं मंगलताईच्या आजीनं फिरवलं होतं.

"चामखीळ कुठाय?"

"काढली असेल त्यानं. डाग समजून."

"डाग?" त्या फ्रेम उलटी ठेवून बसल्या.  मग म्हणाल्या, "हे माझे मालक न्हाईत. दुसरा करून आण." आणि मी उठले तशी मागून हाक मारली. "ज्योती. त्या पोरीला दाखव. पावणे गेल्यावर. पण मी संगं बसणार."

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर आम्ही तिघी दुकानात आलो. तुमचा नवा फोटो मी पूजेआधी सकाळीच करून घेतला होता, चामखिळीसकट, आणि तो टेबलावरून आमच्याकडं बघत होता. मंगलताईला आधी सगळं सांगितलं. तुम्ही का बोलावलं होतंत, मामी काय म्हणाल्या होत्या, कशाची शंका आहे. नाही बघायचं तर नको, हेही सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अण्णांनी बघितलं व्हतं?"

"हो."

"मग म्या बी बघते."

फोटो साध्यात उघडला. काळ्या पडद्यावर सगळं घर आलं, उन्हात डोळे बारीक केलेलं. आधी कडेवर लेकरू असलेल्या बाईवर नेलं, आणि कळ दाबली. पडदाभर चेहरा. घामानं चिकटलेले केस, नाकात चमकी, ओठ आवळलेले. हनुवटी कोरी.

  मी फोटो हळूहळू बाजूला सरकवला. लुगड्याचा काठ, मधलं मोकळं ऊन, मग दुसरा खांदा. मग हनुवटी.

तीन ठिपके. वर दोन, खाली एक.

मंगलताई पुढं झुकली. तिचा श्वास काचेवर उमटला. ती रडेल म्हणून मामींनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता, पण ती रडली नाही. तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि विचारलं, "ही कुठं बघायली?"

मी फोटो थोडा मागं घेतला, दोघी दिसतील एवढा. ती बाई कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती, मामा. बाकी सगळं घर तुमच्याकडं बघत होतं. ती जावेच्या कडेवरच्या लेकराकडं बघत होती.

मामी हमसून रडायला लागल्या. मग मंगलताई त्यांनाच समजावत बसली. "मामी, अवो, असं काय करता. मला दोघी मिळाल्या की." थोडं थांबून म्हणाली, "घरातला फोटो काढणार न्हाय म्या. चुलतीनं कडेवर घेतलं व्हतं मला. तिला बी कोण हाय माझ्याबिगर?"

म्हणजे तुम्ही जिला घाबरत होतात, ती गोष्ट झालीच नाही. हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. एवढं कळायला तुम्ही सोमवारपर्यंत थांबायला हवं होतंत. राग येतो मला, मामा. आणि लगेच आठवतं की तुम्ही तिला बोलावलं होतंत. चूक दिसल्यावर तुम्ही फाईल पुसली नाहीत. पडदा बंद केलात आणि बोलवा म्हणालात. ती सकाळ तुम्हाला कशी गेली असेल, हे मी विचारलं नाही.

मी मंगलताईला म्हणाले, नवी फ्रेम करते, आईची. ती म्हणाली, "कापू नको. दोघी आन् मधी मी, असंच राहू दे." मी बरं म्हणाले. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि परत वळली.

"ज्योती, आईला जरा उजळ कर की गं. लई उन्हात उभी हाय."

मी तुमच्या फोटोकडं बघितलं. तुम्ही हसत होतात असं मी म्हणणार नाही, फोटोत तुम्ही हसत नाही आहात.

ती गेल्यावर मी तो फोटो तुमच्या पावडरवाल्यात उघडला. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. त्याची सगळी आपोआप पुसापुशी बंद केली आणि उजेड तेवढा थोडा थोडा वाढवत नेला.

दोघींना मी सावलीत आणलं, मामा. ठिपके राहू दिले.